चित्रव्यवसायातील कारकीर्द : अजिंठ्याचे नकलकार ते पडद्यामागचे कलावंत

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा रस्ता अजिंठ्याचा घाट उतरून सपाटीला लागतो, तेथे सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव आहे. लेणी पाहायला येणाऱ्या प्रवाशाला ते मुक्कामाचे किंवा चहापाण्याचे ठिकाण म्हणून माहीत असते. दृश्यकलेच्या इतिहासात मात्र त्याला आणखी एक स्थान आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी जे चित्रकार आले, त्यांना वस्तीसाठी जवळची गावे होती ती घाटावरचे अजिंठा आणि पायथ्याचे फर्दापूर. चित्रपटनिर्मिती आणि जाहिरात या क्षेत्रांत सर्जनशील कारकीर्द कशी घडते, या प्रश्नाचा विचार सहसा मुंबईपासून सुरू होतो. तो फर्दापुरापासून सुरू केला तर उत्तर अधिक स्पष्ट दिसते. दुसऱ्याने ठरवून दिलेल्या प्रयोजनासाठी, मुदतीत, बारकाईने पाहून, अनेकांच्या हातांनी मिळून चित्र उभे करणे हा या दोन्ही व्यवसायांचा कणा आहे, आणि येथे येऊन राहिलेल्या नकलकारांचे कामही नेमके हेच होते.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडल्यानंतर आणि जेम्स फर्ग्युसनने त्यांच्यावर लिहिल्यानंतर, मद्रासच्या लष्करातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. गिलने अनेक वर्षे खपून केलेल्या मोठ्या तैलचित्रांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत नष्ट झाली. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हेच काम पुन्हा केले. पुढे नामवंत झालेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी हे या विद्यार्थ्यांपैकी एक होते. याही नकलांपैकी कितीतरी लंडनमध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या, तरी ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अजिंठ्याची रेषा जगभरच्या चित्रशाळांत पोहोचली. १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे बंगालचे तरुण चित्रकार येथे आले. बंगाली चित्रकलेला त्यानंतर जे वळण लागले, त्यामागे या मुक्कामाचा मोठा वाटा होता.

नक्कल हा शब्द आज कमीपणाचा वाटतो, परंतु त्या कामाचे स्वरूप पाहिले तर ते कठीण प्रशिक्षण होते हे लक्षात येते. लेण्यांत उजेड कमी. भिंतीवरचा मातीचा गिलावा जागोजागी निखळलेला. रंग काही ठिकाणी काजळीने, काही ठिकाणी ओलीने झाकोळलेले. अशा भिंतीसमोर बसून, मूळ रेष कोठे संपते आणि ओघळ कोठे सुरू होतो, हिरवा वाटणारा रंग मुळात हिरवाच होता की पिवळसर, हाताची बोटे कोणत्या कोनात वळली आहेत, हे ठरवावे लागे, आणि जेथे भिंत कोरी झाली आहे तेथे स्वतःच्या कल्पनेने भर घालण्याचा मोह आवरावा लागे. हे काम एकट्याच्या लहरीवर चालणारे नव्हते. सरकारी खर्चाचा हिशेब, ऋतुमान, साहित्याची ने-आण आणि प्रमुखाने केलेली कामाची वाटणी यांच्या चौकटीत ते पार पाडावे लागे. चित्रपटाच्या युनिटमध्ये किंवा जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या कोणालाही ही चौकट ओळखीची वाटेल.

ज्या चित्रांची नक्कल होत होती, त्यांच्या रचनेतही एक मोठा धडा आहे. अजिंठ्याच्या जातककथांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, एकच व्यक्ती एका भिंतीवर अनेकदा दिसते. या पद्धतीला सलग कथन म्हणतात. प्रसंग चौकटींनी तोडलेले नसतात. दार, झाड, खडकांची रांग किंवा मान वळवून पाहणारी एखादी आकृती नजरेला पुढच्या प्रसंगाकडे नेते. शिवाय अनेक कथांत प्रसंगांची मांडणी काळाच्या क्रमाने न होता स्थळाच्या आधाराने झालेली आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे : राजवाड्यात घडलेले प्रसंग, मग ते कथेच्या आरंभीचे असोत वा शेवटचे, राजवाड्यापाशी एकत्र येतात आणि अरण्यातले अरण्यापाशी. चित्रपटाचे चित्रीकरणही असेच होते. एका घरातले सगळे प्रसंग, कथेत ते कोठेही येत असले तरी, एका शेड्यूलमध्ये उरकले जातात आणि त्यांचा काळाचा क्रम संकलनात पुन्हा लावला जातो. या विस्कटलेल्या क्रमात पात्राचे कपडे, जखमेची खूण, टेबलावरच्या पेल्यातले पाणी जुळते राहावे म्हणून जी नोंद ठेवली जाते तिला कंटिन्यूटी म्हणतात, आणि दिग्दर्शन विभागात नव्याने आलेल्या साहाय्यकाकडे बहुतेक वेळा पहिल्यांदा हेच काम येते. सतराव्या लेण्यातील एखादी भिंत प्रसंगांची नोंद करीत वाचण्याचा सराव ज्याने केला असेल, त्याला हे काम निराळे शिकवावे लागणार नाही.

ग्रिफिथ्सचा अजिंठ्याचा उपक्रम संपला त्याच १८८५ साली त्र्यंबकेश्वरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाला. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. फाळक्यांची कारकीर्द भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून सर्वांना ठाऊक आहे, परंतु व्यवसाय शिकण्याचा नमुना म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. जे. जे.नंतर त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि इतर कला शिकल्या, गोध्ऱ्याला छायाचित्रकाराचा धंदा केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय उभारला, जादूचे प्रयोगही केले. वरवर पाहता ही धरसोड वाटते. तथापि १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणि तंत्र घेऊन परतल्यावर त्यांना पटकथा, देखावे, छायाचित्रण, रसायनप्रक्रिया आणि संकलन ही सगळी कामे स्वतः उभी करता आली, ती या आधीच्या प्रत्येक धंद्यातून एकेक विद्या हाताला लागली होती म्हणूनच. भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी रोपट्याच्या वाढीचा एक लहानसा चित्रपट करून दाखवला होता; बी रुजते, कोंब वर येतो, वेल चढतो हे मिनिटभरात पडद्यावर पाहिल्यावर सावकाराला या माध्यमाची शक्ती पटली. आज ज्याला शो-रील म्हणतात, म्हणजे आपल्या कामाचा थोडक्यात पुरावा देणारी चित्रफीत, तिचे हे मराठी मुलखातील पहिले उदाहरण मानायला हरकत नाही. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्म धुण्यापासून युनिटच्या जेवणापर्यंत जो भार उचलला, त्याला आजच्या भाषेत निर्मितीव्यवस्था म्हणावे लागेल. श्रेयनामावलीत अशा कामाची नोंद फार उशिरा होऊ लागली.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लोकांपुढे आला. सुरतेला तो नेल्यावर प्रेक्षक जमेनात, कारण तेवढ्याच पैशांत नाटकाचा खेळ कितीतरी तास चालत असे, तेव्हा फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत पाहायला मिळणार अशी जाहिरात केली, असे सांगितले जाते. या जाहिरातीत खोटे काही नव्हते. प्रेक्षक आतापर्यंत वेळेच्या मापाने तुलना करीत होता; जाहिरातीने त्याच्या हाती संख्येचे आणि लांबीचे माप दिले. ग्राहकाच्या मनातील तुलनेची पट्टी बदलणे हे जाहिरातलेखनातील मूलभूत कौशल्य आहे, आणि कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणारा, आजही बहुतांश वेळ त्याच शोधात घालवतो.

चित्रपट आणि जाहिरात ही दोन्ही कामे एकाच हाताने करणारा दुसरा मोठा कलावंत म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. नाटकांचे पडदे रंगवणारा हा चित्रकार यंत्रज्ञानाचा रीतसर अभ्यास नसताना स्वतःचा कॅमेरा घडवतो, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढतो, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ प्रदर्शित करतो आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतःच रंगवतो. रंगवलेल्या सपाट पडद्याऐवजी घनाकृती देखावे उभारण्याचा त्यांचा आग्रह होता, कारण रंगभूमीच्या प्रेक्षकाची जागा ठरलेली असते, पण कॅमेरा हलतो आणि सपाट पडद्याचे सोंग उघडे पाडतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या हाताखाली व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल तयार झाले. या मंडळींनी आपल्या सहकाऱ्यांसह १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था स्थापन केली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास हलवली. दामले आणि फत्तेलाल दोघेही मुळात चित्रकार. बोलपट आल्यावर दामल्यांनी ध्वनिमुद्रणाचे तंत्र आत्मसात केले, फत्तेलालांनी कलादिग्दर्शन सांभाळले, आणि दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ‘प्रभात’च्या त्याच जागेत १९६० मध्ये आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया सुरू झाली. पूर्वी गुरूच्या कारखान्यात उमेदवारी करून मिळणारी विद्या आता प्रवेशपरीक्षा देऊन, विभागवार अभ्यासक्रमातून शिकता येऊ लागली. यात लाभ आहे, तसा एक तोटाही आहे : चित्रकार ध्वनिमुद्रक होतो आणि मग दिग्दर्शक होतो, अशी मोकळी ये-जा विभागांच्या भिंती पक्क्या झाल्यावर कमी झाली.

या परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण, आणि फर्दापूरच्या दृष्टीने सर्वांत जवळचे, भानू अथैया यांचे आहे. १९२९ मध्ये कोल्हापूरच्या राजोपाध्ये कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील चित्रकार होते आणि ते लहानपणीच गेले. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर चित्रे मांडली. स्वतंत्र चित्रकार म्हणून पुढे जाण्याची पात्रता त्यांच्याकडे निःसंशय होती. त्यांनी वाट निवडली ती मात्र ‘ईव्हज वीकली’सारख्या नियतकालिकांसाठी वेशभूषेची रेखाटने करण्याची. नियतकालिकाची रेखाटने हे जाहिरातीच्या शेजारचे काम आहे : वाचकाने पान उलटण्याआधी थांबावे, कापडाचा पोत, शिवण आणि चुणी कशी पडते हे चार रेषांत कळावे आणि शिंप्याला त्यावरून कपडा बेतता यावा, अशी त्याची अट असते. रेखाटनांमागोमाग प्रत्यक्ष कपडे तयार करून घेण्याचे काम आले, अभिनेत्री ग्राहक म्हणून येऊ लागल्या आणि १९५६ च्या ‘सीआयडी’पासून चित्रपटांची वेशभूषा हा त्यांचा व्यवसाय झाला.

१९६६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘आम्रपाली’ या चित्रपटासाठी त्यांना वैशालीच्या गणिकेची वेशभूषा करायची होती. त्या काळातला कपडा शिल्लक असणे शक्य नव्हते. होती ती चित्रे आणि शिल्पे. अथैया यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. अजिंठ्यातील स्त्रियांच्या अंगावरचे वस्त्र कोठे बांधले आहे, कोठे नुसते गुंडाळले आहे, पट्टे आडवे आहेत की उभे, मेखला कमरेवर कोठे टेकते, केसांत फुले माळली आहेत की दागिना, हे सगळे त्या चित्रांत नोंदलेले आहे, आणि रंग आहेत ते गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना आणि दूरदेशाहून आणलेल्या लाजवर्दी दगडाच्या निळाईचे. पण चित्रातले वस्त्र जसेच्या तसे शिवून भागत नाही. अभिनेत्री त्यात नाचणार असते, तासन्‌तास दिव्यांखाली उभी राहणार असते. सेन्सॉर असतो, आणि कॅमेऱ्यासाठी निवडलेल्या फिल्मवर कोणता रंग कसा उतरतो याचे गणितही असते. भित्तिचित्राचा आभास राखून या सगळ्या अटी पुऱ्या करणारे वस्त्र अथैया यांनी घडवले. त्यानंतर प्राचीन भारतातील स्त्री पडद्यावर किंवा रंगमंचावर दाखवायची झाली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच रूप येते. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी भिंतीवरून कॅनव्हासवर जे नेले, ते अथैया यांनी कापडावर नेले, असे म्हणता येईल. फरक इतकाच की या वेळी नक्कल करून थांबायचे नव्हते, तर वापरात येईल अशी वस्तू घडवायची होती.

१९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह अथैया यांना ऑस्कर मिळाले, आणि हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या कामाचे खरे मोठेपण प्रमुख पात्रांच्या कपड्यांत आहे तितकेच ते गर्दीत आहे : कोणत्या प्रांतातला, कोणत्या थरातला माणूस कोणत्या दशकात कसे पागोटे बांधत असे, आणि नवे शिवलेले कापड वापरून विटलेले कसे दिसेल, याचा निर्णय शेकडो अंगांसाठी घ्यावा लागतो. पुढे २००१ च्या ‘लगान’साठी वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्याच चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जे. जे.मध्ये शिकलेल्या आणखी एका मराठी कलावंताला मिळाला. त्यांचे नाव नितीन चंद्रकांत देसाई. दूरचित्रवाणीवरील मालिकांत साहाय्यक म्हणून काम करीत पुढे आलेल्या देसाई यांनी २००५ मध्ये कर्जतला एन. डी. स्टुडिओ उभारला आणि २०१२ मध्ये ‘अजिंठा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. रॉबर्ट गिल आणि त्याची स्थानिक प्रेयसी पारो यांची ही कथा ना. धों. महानोर यांच्या दीर्घकवितेवर आधारलेली आहे.

महानोरांचे उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडे हे त्यांचे गाव. शेती हा त्यांचा व्यवसाय होता. डॉ. जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या ‘जैत रे जैत’पासून ‘सर्जा’, ‘एक होता विदूषक’, ‘मुक्ता’, ‘दोघी’ अशा चित्रपटांची गाणी त्यांनी लिहिली, आणि तरीही गाव सोडून मुंबईला बिऱ्हाड हलवले नाही. लेखन हे चित्रपटातील असे अंग आहे की ते दुरून करता येते. कलादिग्दर्शन, वेशभूषा, ध्वनी, छायाचित्रण यांना मात्र निर्मितीच्या जागी हजर राहावे लागते. खेड्यातील तरुणाने आपला विभाग निवडताना हा फरक आरंभीच ध्यानात घेतला, तर पुष्कळ वर्षे आणि पुष्कळ घरभाडे वाचू शकते.

जाहिरातीच्या व्यवसायाची मराठी परंपरा चित्रपटाइतकीच जुनी आहे, जरी तिची चर्चा कमी होते. मुंबईच्या गिरगावात १९०५ मध्ये सुरू झालेली बी. दत्ताराम अँड कंपनी ही देशातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. त्याहून अभ्यासण्याजोगे काम किर्लोस्करवाडीत, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या कारखान्यात झाले. लोखंडी नांगराने जमीन बिघडते अशी शेतकऱ्याची समजूत होती, त्यामुळे नांगर विकणे म्हणजे आधी एक भीती घालवणे होते. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक कारखान्याच्या मालाच्या प्रसारासाठी सुरू केले, आणि वाचकाला उपयोगी पडेल असा मजकूर देत देत त्याचे एका प्रतिष्ठित मासिकात रूपांतर झाले. उत्पादनाच्या प्रसारासाठी स्वतःच वाचनीय मजकूर निर्माण करण्याच्या या पद्धतीला आज कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि ती नव्या युगाची म्हणून शिकवली जाते. मराठी वाचकाला ती शंभर वर्षांपूर्वीपासून परिचित आहे.

१९३५ च्या सुमारास जे. जे.मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. त्यातूनच पुढे सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट ही स्वतंत्र संस्था झाली. उपयोजित कला म्हणजे ज्या चित्राचा, अक्षराचा किंवा मांडणीचा उपयोग आधी ठरलेला असतो ती कला. या वातावरणातून आलेल्या दोघांची नावे येथे घेतलीच पाहिजेत. अरुण कोलटकर यांनी जाहिरात संस्थांत कलादिग्दर्शक म्हणून मोठे नाव कमावले आणि त्याच काळात मराठी व इंग्रजी कवितेत अढळ स्थान मिळवले. शब्दांची काटकसर आणि प्रतिमेची धार ही दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते हे त्यांच्या कामात दिसते. र. कृ. जोशी यांनी जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शन करता करता देवनागरी अक्षराचा जो ध्यास घेतला, त्यातून संगणकावरील ‘मंगल’ हा टंक जन्माला आला. विंडोज संगणकावर मराठी वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने त्यांचे काम पाहिलेले आहे.

जाहिरात संस्थेत काम कसे चालते हे समजले म्हणजे त्यात आपली जागा कोठे आहे हेही समजते. क्लायंट, म्हणजे जाहिरात करवून घेणारी कंपनी, संस्थेला ब्रीफ देते. कोणाला, काय, कशासाठी सांगायचे याचा तो लेखी सारांश असतो. त्यावर कॉपीरायटर आणि कलादिग्दर्शक अशी जोडी काम करते, व्हिज्युअलायझर कल्पनेचे कच्चे चित्र काढतो, आणि जाहिरातपट करायचा असेल तर स्टोरीबोर्ड तयार होतो, म्हणजे चित्रपटातील प्रत्येक दृश्य क्रमाने रेखाटलेला आराखडा. क्लायंटने तो मान्य केला की चित्रीकरण बहुधा निराळ्या निर्मितीसंस्थेकडे जाते. तीस सेकंदांच्या चित्रफितीतही पटकथा, कलाकारनिवड, रेकी म्हणजे स्थळपाहणी, देखावे, वेशभूषा, छायाचित्रण, संकलन आणि संगीत हे सगळे असते, म्हणून दिग्दर्शनाचा सराव करण्यासाठी तिच्याइतकी काटेकोर शाळा नाही. पेंढरकरांच्या विको कंपनीच्या जाहिराती चित्रपटगृहांत आणि दूरदर्शनवर वर्षानुवर्षे दाखवल्या गेल्या आणि १९८४ ची ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका त्याच कंपनीने प्रायोजित केली. जाहिरात आणि मनोरंजनाची निर्मिती एकमेकांना कशी पोसतात याचा तो ठळक दाखला आहे. जाहिरात क्षेत्रात दीर्घकाळ काम केल्यावर रवी जाधव यांनी २०१० मध्ये ‘नटरंग’ केला, गौरी शिंदे यांनी २०१२ मध्ये ‘इंग्लिश विंग्लिश’. दोघांच्या पहिल्याच चित्रपटांत प्रसंग लांबवण्याचा मोह दिसत नाही, याचे कारण त्या आधीच्या शिस्तीत शोधावे लागते. जाहिरातीला सत्याचे बंधनही असते : १९८५ पासून अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही व्यवसायाची स्वनियमन संस्था तक्रारी ऐकते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंडाची तरतूद केली आहे.

फर्दापूर आणि परिसराला या व्यवसायात स्थळ म्हणूनही भूमिका आहे. पावसाळ्यातील वाघूर नदीचे सात कुंड, सोयगावजवळचा वेताळवाडीचा किल्ला, जंजाळ्याजवळची घटोत्कच लेणी आणि घाटाचा कडा ही ठिकाणे छायाचित्रकाराला मोहात पाडणारी आहेत. पण अजिंठ्याची लेणी संरक्षित स्मारक आणि १९८३ पासून जागतिक वारसास्थळ असल्यामुळे तेथील व्यावसायिक चित्रीकरणाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची लेखी परवानगी लागते, आणि रंगांना इजा पोहोचेल असा प्रकाश आत वापरता येत नाही. बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अत्यल्प उजेडात येथील चित्रांची छायाचित्रे घेतली आणि प्रखर दिव्यांशिवायही मूळ रंगांच्या जवळ जाता येते हे दाखवले. परवानग्या, वनखात्याचे नियम, वाहने कोठे थांबतात, पाऊस कोणत्या आठवड्यात धबधब्याला पाणी देतो, युनिटच्या जेवणाची सोय कोठे होईल, हे जाणणारा स्थानिक माणूस म्हणजे लोकेशन मॅनेजर, आणि हे काम शिकण्यासाठी गाव सोडावे लागत नाही.

फर्दापूरच्या शाळेतील मुलाला या व्यवसायाकडे जाण्याचा रीतसर रस्ता एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांपासून सुरू होतो. बारावीनंतर दृश्यकलेच्या पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. छत्रपती संभाजीनगरमध्ये शासकीय कला महाविद्यालय आहे, तेथील विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, आणि चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांच्यासारख्या रंगकर्मींची ‘जिगीषा’ ही संस्था याच शहरातून मुंबईला गेली. प्रवेशाच्या वेळी आणि नोकरीच्या वेळीही मागितला जातो तो पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संग्रह. त्यात तयार चित्रांपेक्षा कच्ची रेखाटने, बदल आणि निर्णय दिसणे अधिक मोलाचे ठरते, कारण निवड करणाऱ्याला उमेदवार कसा विचार करतो हे पाहायचे असते. कलादिग्दर्शनात जायचे असेल तर सुतारकाम, मोजमाप आणि प्लॅस्टरचे ज्ञान हवे. वेशभूषेत जायचे असेल तर कापड आणि शिवण. जाहिरातलेखनात जायचे असेल तर आपल्या बोलीसह प्रमाण मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा भाषांत सहज वावरण्याची क्षमता हवी.

पैशाची बाजू बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. ज्या फाळक्यांनी चित्रपटासाठी विमापत्रही गहाण टाकले, त्यांचे भागीदारांशी पटले नाही, आणि १९४४ मध्ये नाशिकला ते निवर्तले तेव्हा त्यांच्या नावाचा दबदबा ओसरलेला होता. व्यवसायातील बहुतेक कामे आजही चित्रपटागणिक किंवा दिवसागणिक ठरतात. साहाय्यकाचे आरंभीचे मानधन थोडे असते आणि ते उशिरा मिळण्याची तक्रार जुनी आहे. म्हणून कामाचे दिवस, मानधन, श्रेयनामावलीतील उल्लेख आणि काम रद्द झाल्यास मिळणारी रक्कम करारात लिहून घेण्याची सवय पहिल्या कामापासूनच लावून घ्यावी लागते. मुंबईत प्रत्येक विभागाच्या कामगार संघटना आहेत आणि लेखकांसाठी स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, जेथे कथा-पटकथेची नोंद करता येते. २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापराच्या स्वामित्वधनात वाटा मिळण्याचा हक्क दिला, आणि हा हक्क करारानेही निर्मात्याकडे सोडून देता येत नाही. गाण्याचे हक्क एकरकमी विकून मोकळे होण्याची पूर्वीची रीत त्यामुळे कायद्याने तरी संपुष्टात आली आहे.